थर्मल कॅमेरा : जिनिंगच्या पॅनलपासून गच्चीच्या ओलीपर्यंत (खान्देशवाल्यांसाठी)

गिरणाकाठ (धागाकर्ता)

दसरा उलटला की आपल्याकडच्या जिनिंगा धडाधड सुरू होतात. उन्हाळा-पावसाळा बंद पडून राहिलेलं पॅनल एका दिवसात फुल लोडवर येतं. मधल्या काळात त्यात रुईची धूळ बसलेली असते, उंदरांनी केबलची साल काढलेली असते, अ‍ॅल्युमिनियमच्या लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) पांढरट भुकटी चढलेली असते, आणि आपण काय करतो तर ब्लोअर मारतो, नारळ फोडतो, मेन टाकतो. यातलं एखादं लूज कनेक्शन दिवाळीपर्यंत तग धरतं आणि मग ऐन सीझनमध्ये, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, जळतं. जिनिंगमध्ये नुसतं कनेक्शन जळून भागत नाही, ठिणगी पडली तर खाली रुई आहे.

मी जळगाव-धुळे पट्ट्यात कारखान्यांच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची कामं करतो, त्यात थर्मल कॅमेऱ्यानं तपासणी हा भाग आता बराच वाढलाय. फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका जागी लिहितोय, बाकीच्यांनी भर घालावी.

आधी हे डोक्यातून काढा की हा कॅमेरा भिंतीच्या किंवा पत्र्याच्या आरपार बघतो. तो फक्त समोरच्या पृष्ठभागातून निघणारी इन्फ्रारेड उष्णता बघतो आणि तिच्यावरून तापमान काढतो. विल्यम हर्शेलनं १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, लाल रंगाच्याही पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि तिथे पारा जास्त चढला, तीच ही न दिसणारी उष्णता. आपण वापरतो ते कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरी पकडतात. काच या लहरींना अडवते, पॅनलमधली अ‍ॅक्रिलिकची शीटसुद्धा अडवते. त्यामुळे शीट न काढता मारलेला फोटो म्हणजे शीटचा फोटो, आतल्या बसबारचा (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्टीचा) नाही. किती रिपोर्टांमध्ये हे बघायला मिळतं, वाईट वाटतं.

आता लूज कनेक्शन का तापतं, तर गणित सोपं आहे, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. एखाद्या जॉइंटला १ मिलीओहम जरी रेझिस्टन्स आला आणि त्यातून १०० अँपिअर जात असतील तर तिथे १० वॉट उष्णता तयार होते, २०० अँपिअर गेले तर ४० वॉट. लगच्या तेवढ्याशा जागेत ४० वॉट म्हणजे तिथे सोल्डरिंग गन चालू करून ठेवल्यासारखं झालं. तापलं की ऑक्साइडचा थर धरतो, थर धरला की रेझिस्टन्स वाढतो, वाढला की अजून तापतं, आणि हे कुठल्याही मीटरवर दिसत नाही कारण करंट आणि व्होल्टेज जवळपास नॉर्मलच असतात. कॅमेऱ्याची खरी किंमत इथे आहे.

फोटो बघताना रंग बघू नका, फरक बघा. तीन फेजची तीन सारखी कनेक्शनं, तिघांवर सारखा लोड, आणि मधलंच १८ डिग्री जास्त, तर गडबड आहे. नेटा या अमेरिकन टेस्टिंग संस्थेचे आकडे बरेच लोक वापरतात: सारख्या लोडवरच्या सारख्या दोन पार्टांमध्ये १ ते ३ डिग्री फरक असेल तर लक्ष ठेवा, ४ ते १५ असेल तर दुरुस्ती ठरवा, १५ च्या वर गेला तर ताबडतोब. उष्णता कशी पसरलीय तेही बघा. लगपाशी सगळ्यात गरम आणि केबलवरून पुढे जाता जाता कमी होत गेलं तर जॉइंट खराब. अख्खी केबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच गरम तर जॉइंटचा दोष नाही, ओव्हरलोड आहे किंवा केबल बारीक घातलीय. आणि तीन फ्यूजपैकी एक एकदम थंडगार दिसला तर त्याला "चांगला" म्हणून टिक करू नका, बहुतेक त्यातून करंटच जात नाहीये.

वायरमन_पारोळा

दादा चांगलं लिहिलं. पण मालक लोक सांगतात रविवारी या, मिल बंद असते, निवांत सगळं उघडून बघा. चालू मिलमध्ये पॅनल उघडूच देत नाहीत. मग काय करायचं?

गिरणाकाठ

पारोळाभाऊ, रविवारी जाऊन काही हाती लागणार नाही, करंट नाही तर उष्णता नाही. निदान ४० टक्के लोड तरी पाहिजे, आणि तोही अर्धा-पाऊण तास सलग चाललेला, म्हणजे तापमान स्थिर होतं. लोड कमी असताना दिसलेला फरक छोटा वाटतो आणि माणूस फसतो. अर्ध्या लोडवर १० डिग्री दिसले तर फुल लोडवर ते ३० ते ४० होऊ शकतात, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या आसपास वाढते. म्हणून फोटो मारायच्या आधी टंग टेस्टरनं (वायरीभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) तिन्ही फेजचे करंट घ्या आणि लिहून ठेवा. आर फेजला ९० आणि बी फेजला १५० अँपिअर असेल तर बी गरम दिसणारच, ते अनबॅलन्स आहे, लूज नाही. मालकाला हेच समजवायचं, की सीझनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळे जिन आणि प्रेस चालू असताना दोन तास द्या, रविवार नको.

आणि हे कळकळीनं सांगतो, चालू पॅनलचं दार उघडणं हे खेळाचं काम नाही. लायसनवाला सुपरवायझर हजर पाहिजे, सुती कपडे, फेस शील्ड, रबरी हातमोजे, घड्याळ-कडं-चेन काढून ठेवलेली, आणि एक माणूस बाजूला नुसता उभा जो गरज पडली तर मेन पाडेल. कॅमेरा लांबून बघण्यासाठी आहे, आत हात घालायचं काहीही कारण नाही. नवीन पॅनल बनवून घेताय तर इन्फ्रारेड विंडो बसवून घ्या, दार न उघडता त्यातून बघता येतं.

दीपनगर_निवृत्त

गिरणाकाठ भाऊ, मी औष्णिक केंद्रात बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो, आमच्याकडे ५०० मेगावॅटचे संच, स्विचयार्डची थर्मल तपासणी ठरल्या वेळी व्हायचीच. एमिसिव्हिटीचा, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता सोडतो त्याचा, मुद्दा राहिला तो मी मांडतो, कारण नवीन पोरं इथेच चुकतात.

प्रत्येक पृष्ठभाग सारखी उष्णता सोडत नाही. प्लास्टर, वीट, रंग, पीव्हीसी टेप यांची एमिसिव्हिटी ०.९ च्या वर असते, त्यांचं वाचलेलं तापमान बऱ्यापैकी खरं. पण चकचकीत तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा बसबार ०.१ च्याही खाली असतो, म्हणजे स्वतःची उष्णता तो जवळजवळ सोडतच नाही, समोरच्या वस्तूंचीच परावर्तित करतो. बसबार ९० डिग्रीला असला तरी कॅमेरा ४५ दाखवेल, आणि उलट, बघणाऱ्याच्या अंगाची उष्णता त्यात दिसून "हॉटस्पॉट सापडला" म्हणून आरडाओरडाही होईल. ओळखायचं कसं? जागा बदलायची, थोडं डावी-उजवीकडे सरकायचं. डाग तुमच्याबरोबर सरकला तर ते प्रतिबिंब आहे, जागेवर राहिला तर खरा. पक्का उपाय म्हणजे शटडाऊन मिळेल तेव्हा प्रत्येक जॉइंटजवळ काळ्या पीव्हीसी टेपचा तुकडा किंवा मॅट रंगाचा ठिपका लावून ठेवायचा, पुढच्या वेळी मोजमाप त्या ठिपक्यावर. बोल्ट-नट आणि केबलचं इन्सुलेशन हेही चकचकीत बसबारपेक्षा बरे, पण इन्सुलेशन आतल्या कंडक्टरपेक्षा थंडच दिसतं हे लक्षात ठेवा. पीव्हीसी केबलच्या कंडक्टरची मर्यादा ७० डिग्री, एक्सएलपीईची ९०, हे आतले आकडे आहेत, वरच्या सालीचे नाहीत.

उघड्यावरच्या कामात, म्हणजे एबी स्विच, डीओ फ्यूज (पोलवरचे उघडे स्विच आणि फ्यूज), ट्रान्सफॉर्मरचे बुशिंग, आपल्या भागात दुपारी जाऊच नका. ऊनच सगळं तापवून ठेवतं. पहाटे उजाडायच्या आत किंवा रात्री. वारा सुटला असेल तरी हॉटस्पॉट खूप थंड दिसतो, तेव्हा वाऱ्याच्या दिवशी "सगळं ठीक" असा शेरा देऊ नये. ट्रान्सफॉर्मरमध्ये रेडिएटरच्या पट्ट्या वरून खाली हळूहळू थंड होत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी पट्टी अख्खी थंड असेल तर त्यात तेल फिरत नाही, व्हॉल्व्ह बंद राहिलाय किंवा तेलाची पातळी खाली गेलीय.

अहिराणी_पोर

भाऊ, भलतं कामनं लिखं शे! मना मामानी धरणगावले जिनिंग शे, त्यासले हाऊ धागा धाडी देस.

गिरणाकाठ

धाड भाऊ धाड. आणि मामांना सांग, पॅनलबरोबर मोटारींच्या बेअरिंगवर आणि बेल्टवरपण एकदा कॅमेरा फिरवा. बेल्ट घसरत असेल तर पुली आणि बेल्ट दोन्ही तापलेले दिसतात, आणि जिनिंगमधल्या किती आगी अशा घर्षणातून लागतात हे मामांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. फक्त रुईच्या गाठींच्या बाबतीत कॅमेऱ्यावर विसंबू नका. दाबलेल्या गाठीत आत ठिणगी गेली तर ती दिवसेंदिवस आतल्या आत धुमसू शकते, बाहेरच्या बाजूला उष्णता येईपर्यंत कॅमेऱ्याला काही दिसत नाही. संशयित गाठी बाजूला काढून लांब ठेवणे, लक्ष ठेवणे, हेच.

अमळनेरची_सून

मला इलेक्ट्रिकलमधलं काही कळत नाही पण घराबद्दल विचारायचंय. वरच्या खोलीच्या स्लॅबला ओल येते, पोपडे पडतात, दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, पैसे गेले, ओल तिथेच. एक जण म्हणाले थर्मल कॅमेरा आणतो, टाइल न फोडता पाणी कुठून येतं ते नेमकं सांगतो. खरंच सांगता येतं का? सासरे म्हणतात उगाच खर्च नको.

स्थापत्य_धुळे

ताई, मी आर्किटेक्ट आहे, मूळची शिरपूरची, हे काम आमच्याकडे नेहमी येतं. उत्तर असं की ओल कुठे आहे आणि कुठपर्यंत पसरलीय हे कॅमेरा चांगलं दाखवतो, पाणी कुठून घुसतं हे दरवेळी नाही दाखवत. स्लॅबमध्ये पाणी एका जागी शिरतं आणि सळईच्या नाहीतर भेगेच्या कडेनं जाऊन भलत्याच जागी टपकतं.

खोलीच्या आतून बघितलं तर ओला भाग थंड दिसतो, कारण तिथून पाणी उडत असतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे हवा कोरडी असते तेव्हा, म्हणजे पावसाळा सरल्यावर, हा फरक छान उठून दिसतो. भर पावसाळ्यात हवाच दमट असते, पाणी उडतच नाही, तेव्हा डोळ्याला ओल दिसते पण कॅमेऱ्यात फारसं काही नाही. पंखा तासभर चालू ठेवून बघितलं तर थोडी मदत होते. गच्चीवरून बघायचं तर उलटं गणित. दिवसभर ऊन खाल्लेली गच्ची सूर्य मावळल्यावर गार व्हायला लागते, पण कोब्याखाली जिथे पाणी साठलंय तो भाग उशिरा गार होतो, पाणी उष्णता धरून ठेवतं ना, म्हणून तो गरम डाग दिसतो. त्यासाठी दिवसभर लख्ख ऊन पाहिजे, गच्ची वरून कोरडी पाहिजे, आणि बघायची वेळ दिवेलागणीनंतरची. आपला विटांच्या तुकड्यांचा कोबा जाड असतो, त्यामुळे फोटो परदेशी व्हिडिओत दाखवतात तितके स्वच्छ येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती पद्धत म्हणजे आधी कोरड्या स्थितीत खालून फोटो घ्यायचे, मग गच्चीवर कप्प्याकप्प्यानं पाणी बांधायचं, एका कप्प्याला २४ ते ७२ तास, आणि दर काही तासांनी त्याच जागेवरून पुन्हा फोटो. ज्या कप्प्यात पाणी बांधल्यावर खालचा थंड डाग वाढायला लागला तिथून घुसतंय. नहाणी ट्रॅप, पॅरापेटचा कोपरा आणि टाकीच्या पायाजवळचा भाग वेगवेगळा तपासा, बहुतेक वेळा दोषी त्यातलाच एक निघतो.

आणि थंड डाग म्हणजे ओलच असं नाही हं. बीम असतो, एसीचा पाइप असतो, प्लास्टरची जाडी वेगळी असते. म्हणून ओलावा मोजायचं मीटर लावून खात्री केल्याशिवाय कोणाला टाइल फोडू देऊ नका. जो माणूस मीटर न आणता नुसता कॅमेरा घेऊन येईल त्याला परत पाठवा. सासऱ्यांना सांगा, तिसऱ्यांदा आंधळेपणानं वॉटरप्रूफिंग करण्यापेक्षा हा खर्च कमीच पडेल.

अमळनेरची_सून

खूप खूप आभार ताई. बाथरूमच्या भिंतीतपण शंका आहे, तिथे पाइपलाइन आतून गेलीय, नकाशा कोणाकडेच नाही.

स्थापत्य_धुळे

ते सोपं आहे. गीझरचं गरम पाणी लाइनमध्ये सोडा, थोड्या वेळात भिंतीवर पाइपाची रेघ उमटते आणि गळती असेल तिथे रेघेऐवजी पसरट डाग होतो. थंड पाण्याच्या लाइनलाही आपल्याकडे युक्ती आहे, एप्रिल-मे मध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापलेलं असतं की गीझरची गरजच नाही, ते सोडलं की थंड लाइनपण दिसते. पाइप फार खोल असेल तर नाही दिसणार.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते, उन्हाळ्यात रात्री जेवणानंतर घराच्या छताकडे कॅमेरा धरला की स्लॅबची खालची बाजू खोलीतल्या हवेपेक्षा गरम दिसते, दुपारचं ऊन काही तास उशिरा आत उतरत असतं. जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर असायचा म्हणून तो फटका जाणवायचा नाही. गच्चीच्या अर्ध्या भागाला चुना मारून अर्धा तसाच ठेवून बघा, दुपारी वरूनच दोन भागांतला फरक दिसतो, लोकांना फोटो दाखवला की लगेच पटतं. पांढऱ्या चिनी मिट्टीच्या तुकड्यांचा थर त्याहून टिकाऊ.

मेहरूणकर

मी मोबाइलला लावायचा छोटा कॅमेरा घेतला, चांगल्या स्मार्टफोनइतकी किंमत. घरचा डीबी (एमसीबीचा बोर्ड) बघितला तर सगळे एमसीबी लालभडक, बायको घाबरली. खरंच एवढं गरम असतं का?

गिरणाकाठ

नाही भाऊ, घाबरू नका. छोटे कॅमेरे स्केल आपोआप लावतात, म्हणजे फोटोतली सगळ्यात गरम जागा लाल-पिवळी आणि सगळ्यात थंड जागा निळी, मग दोघांत फरक २ डिग्रीचा का असेना. फोटोच्या कडेला तापमानाची पट्टी असते ती आधी वाचा आणि जमत असेल तर स्केल हातानं लॉक करा, समजा ३० ते ८०. घरच्या डीबीत काय बघायचं तर एसी, गीझर आणि इन्व्हर्टरच्या एमसीबीचा स्क्रू, मेनचा न्यूट्रल, आणि ज्या १६ अँपिअर सॉकेटमध्ये गीझर लागतो तो प्लग. कूलर लावलेला एक्स्टेंशन बोर्ड तर नक्कीच बघा, आपल्याकडे तीन-चार महिने तो रात्रंदिवस चालू असतो.

रिझोल्यूशनचंही समजून घ्या. ८० गुणिले ६० चा कॅमेरा जवळून डीबी बघायला ठीक, पण खाली उभं राहून पोलवरचा क्लॅम्प त्यानं मोजला तर क्लॅम्प आणि मागचं आकाश यांची सरासरी येईल आणि आकडा खूप कमी दिसेल. लेझरवाल्या गनचंही तसंच, तिच्यावर १२ : १ लिहिलं असेल तर १२ फुटांवरून ती १ फूट व्यासाच्या गोलाचं सरासरी तापमान वाचते, लाल ठिपक्याचं नाही. इंडस्ट्रियल कामाला मी ३२० गुणिले २४० च्या खाली जात नाही.

धुळे_सोलर

छतावर सोलर आहे, जनरेशन कमी झालंय, पॅनल धुऊन पण फरक नाही. ड्रोनवाल्याला बोलावू का? साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प आहे तिथे ठीक आहे, माझ्या छोट्या छताला ड्रोन कशाला असं पण वाटतं.

दीपनगर_निवृत्त

छोट्या छताला ड्रोन नको, हातातला कॅमेरा पुरे. इथे मात्र ऊन पाहिजे, वर मी पहाटे जा म्हणालो त्याच्या उलट. नियमाप्रमाणे दर चौरस मीटरला निदान ६०० वॉट ऊन असताना आणि सिस्टीम चालू असताना फोटो घ्यायचे, आपल्याकडे ढग नसतील तर सकाळी दहा-साडेदहापासून ते मिळतं. काचेत आकाश आणि स्वतःचं प्रतिबिंब येतं म्हणून फार तिरकं उभं राहू नका, शक्य असेल तर मागच्या बाजूनं बघा. एकच सेल खूप गरम असेल तर तो तडकलाय किंवा त्यावर पक्ष्याची घाण, झाडाची सावली आहे. पॅनलचा बरोबर एक तृतीयांश पट्टा गरम तर त्या भागाचा बायपास डायोड चालू झालाय किंवा खराब आहे. आणि एक अख्खं पॅनल किंवा अख्खी ओळ शेजारच्यांपेक्षा थोडी गरम पण एकसारखी असेल तर ती ओळ जोडलेलीच नाही, वीज बाहेर जात नाही म्हणून ती ऊर्जा तिथेच उष्णता होऊन राहते. तुमच्या वर्णनावरून मला हे शेवटचं असावं असं वाटतं, एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे) आणि इन्व्हर्टरजवळचा डीसी फ्यूज आधी बघा.

सातपुडा_३३

स्पष्ट लिहितो. आमच्या दालमिलमध्ये एका एजन्सीनं थर्मोग्राफी केली, रंगीत फोटोंचा जाडजूड रिपोर्ट दिला, सगळीकडे "सामान्य". पुढे काही आठवड्यांतच मेन इनकमरचा (जिथून मिलमध्ये वीज येते तो मुख्य स्विच) एक फेज जळाला, दोन दिवस मिल बंद. मग या सगळ्याचा उपयोग काय?

गिरणाकाठ

सातपुडा भाऊ, तुमचा राग योग्य आहे, आणि हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला पाहिजे. तो रिपोर्ट उघडा आणि बघा, इनकमरच्या फोटोखाली तिन्ही फेजचे करंट लिहिलेत का? त्या वेळी पॅनलच्या आसपासचं तापमान किती होतं? एमिसिव्हिटी किती धरली? शीट काढली होती का? प्रत्येक थर्मल फोटोशेजारी त्याच जागेचा साधा फोटो आहे का? हे नसेल तर त्या "सामान्य" शब्दाला आधारच नाही, कारण २० टक्के लोडवर खराब जॉइंटसुद्धा सामान्यच दिसतो. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी एवढं मागा, आणि करणाऱ्यानं ट्रेनिंग कुठलं घेतलंय ते विचारा, थर्मोग्राफरच्या पात्रतेसाठी आयएसओ १८४३६ चा भाग ७ आहे, त्यात लेव्हल ठरलेल्या आहेत. आणि फोटोनंतर दुरुस्ती झाली की तेवढ्याच लोडवर परत फोटो घेणं हे कामाचा भाग समजा, वेगळं बिल नाही. माझ्या मते हा दुसरा फोटो पहिल्याइतकाच महत्त्वाचा, तो नसेल तर दुरुस्ती खरी झाली की नाही कोणाला कळणार?

वायरमन_पारोळा

दुरुस्तीवरून सांगतो, गरम दिसलं की आमची पोरं पाना घेऊन कचकचून आवळतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ, जास्त दाबलं की ते दबून पसरतं आणि काही दिवसांत परत ढिलं होतं. लग कापून, नवीन टाकून, बरोबर डायनं क्रिम्प करून, टॉर्क पान्यानंच आवळायचं. तांब्याच्या बसबारला अ‍ॅल्युमिनियमचा लग थेट लावू नका, दोन धातूंमध्ये दमट हवेत गंज धरतो, बायमेटल लग मिळतो तो वापरा. हे सगळं मेन पाडून, टेस्ट करून, अर्थ करून मगच.

तापी_शेतकरी

आम्ही शेतकऱ्यांनी कुठून आणायचा कॅमेरा? विहिरीवर स्टार्टर, किटकॅट फ्यूज, रात्रीची लाइट, डीपीवर व्होल्टेज कमी, मोटार जळाली की हजारो रुपये जातात.

वायरमन_पारोळा

आबा, कॅमेरा नको. ठरावीक तापमानाला रंग बदलणारे स्टिकर मिळतात, एकदा तापमान ओलांडलं की रंग परत येत नाही. लाइट बंद असताना स्टार्टरमध्ये लगजवळ केबलच्या सालीवर चिकटवा, रात्री काय झालं ते सकाळी कळतं. साल पिवळी-कडक पडली, जळका वास आला, पितळी पट्टी काळी-निळी दिसली तर तो लूज कॉन्टॅक्टच. व्होल्टेज कमी असलं की तेवढंच पाणी उचलायला मोटार करंट जास्त ओढते, त्यामुळे लूज जॉइंट अजून तापतो, आणि किटकॅटमध्ये जाड तार बांधली की फ्यूज वाचतो पण मोटार जाते. ती तार आधी बदला.

मेहरूणकर

मे महिन्यात आमच्याकडे एसीचा एमसीबी दुपारी सारखा पडतो, संध्याकाळी पडत नाही. कॅमेऱ्यात लूज काही दिसत नाही. कंपनी म्हणते एमसीबी चांगला आहे.

गिरणाकाठ

दोघंही बरोबर असू शकता. घरगुती एमसीबीची थर्मल ट्रिप ३० डिग्री आसपासच्या तापमानावर सेट केलेली असते, फॅक्टरीतल्या थर्मल ट्रिपच्या एमसीसीबीची (मोठ्या करंटचा ब्रेकर) बहुतेक ४० वर. आपल्याकडे बाहेर ४५ आणि डीबी पश्चिमेच्या भिंतीत, दाटीवाटीनं भरलेला, म्हणजे आत ५५ च्या पुढे. त्या उष्णतेत १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअर सांभाळू शकत नाही, लवकर पडतो. मोठा एमसीबी टाकू नका, त्यानं वायर जळेल. डीबी सावलीच्या भिंतीवर घ्या, एसीच्या एमसीबीच्या शेजारी एक जागा रिकामी सोडा, वायर जाड आहे का बघा. उन्हाळ्यात नुसता आकडा बघून निर्णय घेऊ नका म्हणतो ते यासाठीच, मे मधले ७० डिग्री आणि जानेवारीतले ७० डिग्री यांचा अर्थ वेगळा.

केळी_रावेर

आमचं रायपनिंग चेंबर आहे, केळी पिकवायला आत १६ ते १८ डिग्री ठेवतो, बिल फार येतंय आणि एका कोपऱ्यातला माल आधी पिकतो. पफ पॅनलमधून (फोम भरलेल्या इन्सुलेशनच्या भिंती) थंडावा जातोय का ते कॅमेऱ्यानं कळेल का आणि कधी बघायचं?

गिरणाकाठ

कळेल, आणि तुमच्यासाठी आपला उन्हाळा फायद्याचा. आत आणि बाहेर निदान १० डिग्री फरक असला की इन्सुलेशनचा दोष दिसतो, तुमच्याकडे मे मध्ये दुपारी तो २५ च्या वर जाईल. बाहेरच्या बाजूला ऊन पडलेलं असताना बघू नका, पत्रा तापून सगळं झाकून टाकतो. रात्री आठ-नऊनंतर, चेंबर बरेच तास सेट तापमानावर चाललेलं असताना, आधी इथिलीन (केळी पिकवायचा वायू) बाहेर काढून आणि ताजी हवा फिरवून घेतल्यावरच आत जा, आणि आतून बघा. जिथे गरम रेघ दिसेल तिथून उष्णता आत येतेय. पॅनलचे जोड, जमीन आणि भिंतीचा सांधा, पाइप भोक पाडून आत आलाय ती जागा, आणि सगळ्यात आधी दाराचा गॅस्केट. आतला पत्रा स्टीलचा चकचकीत असेल तर दीपनगर काकांनी सांगितलेली टेपची पट्टी जागोजागी लावून घ्या, रंगीत पत्रा असेल तर गरज नाही. कोपऱ्यातला माल आधी पिकतो त्याचं कारण गळतीच असेल असं नाही, हवा तिथपर्यंत पोचत नसेल. क्रेट लावलेले असतानाच त्या कोपऱ्यातल्या आणि पंख्यासमोरच्या क्रेटमधल्या केळ्यांचा एकेक फोटो एकाच स्केलवर घ्या. केळ्याची साल मोजायला चांगली असते, दोन-तीन डिग्रीचा फरकसुद्धा दिसेल. केळी स्वतः पिकताना उष्णता सोडतात, त्यामुळे हवा अडली की तो कोपरा आपोआप तापतो. फोटो काढलेत की इथेच टाका, खाली स्केलचे आकडे दिसतील असे.